पात्राचे गुपित

पात्राचे गुपित : फासे टाकत आणि बोलत, एकत्र बसून, प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या रोलप्लेइंग खेळात खेळाडूने आपल्या पात्राची एखादी मोठी गोष्ट सोबत्यांपासून लपवून ठेवणे. ती बहुधा फक्त गेममास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, ठाऊक असते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने १९७४ मध्ये हा खेळप्रकार रूढ केला. त्यात पात्रे एकमेकांच्या साथीने संकटांना तोंड देतात. १९८४ च्या ‘पॅरानोइया’त मात्र गुपित नियमांतच आहे : प्रत्येक पात्र गुप्त संघटनेचे सभासद असते, त्याच्याकडे छुपी शक्ती असते आणि दोन्ही उघड झाल्यास देहदंड.

समजा, मालवणात भर पावसात ओटीवर खेळ मांडला आहे. कथा १६६४ ची. कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू झाले आहे. एकाचे पात्र पाथरवट, पण खरा तो जंजिऱ्याच्या सिद्दीचा हेर. गेममास्टरने त्याला एकट्याला माजघरात बोलावले, की ओटीवर उरलेल्यांना जे कळायचे ते कळते. म्हणून चिठ्ठ्या द्यायच्या त्या सगळ्यांना. काहींवर नुसते ‘वाचून मान हलव’ एवढेच लिहायचे. फोनवरचा निरोप सोपा, पण स्क्रीन एकाचाच उजळला तर तीच गत.

गुपित पात्रांपासून लपवायचे की खेळाडूंपासूनही, हा खरा प्रश्न. कोकणातल्या दशावतारात लिखित संहिता नसते, नट संवाद रंगमंचावरच रचतात. तिथे भिक्षा मागायला आलेला साधू रावण आहे हे जत्रेतल्या लहान पोरालाही ठाऊक असते, सीतेला तेवढे नसते. म्हणून तर सगळे श्वास रोखून बसतात. टेबलाभोवतीही सोबत्यांना गुपित आधी सांगितले, तर तेच हेराला मुद्दाम एकट्याला पहाऱ्यावर ठेवतात आणि प्रसंग रंगवतात. यासाठी स्वतःला कळलेले पात्राला कळू न देण्याची सवय लागते. ती मोडणे म्हणजे मेटागेमिंग. ज्यांना ती सवय आहे त्यांनी उघड गुपितच निवडावे.

खेळाडूंनाही अंधारात ठेवायचे असेल तर दगाफटका चालेल का, हे पहिल्याच बैठकीत सर्वांना विचारावे. महिनोन्‌महिने ज्याला आपला मानले त्याने दारूकोठार पेटवले, तर रुसवा पात्रापुरता राहत नाही. आणि खुणा पेरायलाच हव्यात. या पाथरवटाच्या हातांना घट्टे नाहीत, पहाऱ्याची पाळी कधी बदलते हे मात्र त्याला तोंडपाठ आहे. कोणी त्याचा हात धरून पाहिला, तर गेममास्टरने खरे तेच सांगावे. पुढे त्याला तटावरून समुद्रात लोटायचे की उलटा हेर करून जंजिऱ्याला धाडायचे, हे ओटीवर बसलेल्यांनी ठरवायचे.