समुद्राला मिळणारं पाणी वाया जात नाही

‘नदीचं पाणी समुद्रात गेलं म्हणजे वाया गेलं’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं जातं. ते चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत नदीतले जीव मोजतात.

पूर काठ ओलांडून पसरतो तेव्हा सुपीक गाळ जमिनीवर उतरतो, भूजल भरतं. कित्येक मासे त्याच उथळ पाण्यात अंडी घालतात. प्रवासाला निघायची खूणही त्यांना चढत्या पाण्यातूनच मिळते. वाहतं, खळाळतं पाणी हवेतला प्राणवायू घेत राहतं, तर अडवलेल्या खोल पाण्याच्या तळाशी तो संपत जातो. आणि मुखापर्यंत गोडं पाणी पोचलंच नाही, तर खारं पाणी आत सरकतं, पार विहिरींपर्यंत.

नाईल नदीचं पाहा. आस्वानच्या उंच धरणात १९६४ मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली, १९७० मध्ये ते पूर्ण झालं. गाळ मागेच अडकला आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा समुद्र खाऊ लागला. पोषक द्रव्यं आणणारा पूर थांबल्यामुळे मुखाबाहेरची सार्डिनची मासेमारी काही वर्षांतच कोसळली.

धरणं बांधूच नयेत, असं माझं म्हणणं नाही. पण नद्या-तळ्यांनी पृथ्वीचा एक टक्क्याहून कमी पृष्ठभाग व्यापलाय, आणि माशांच्या सुमारे निम्म्या जाती गोड्या पाण्यात राहतात. त्यांच्यासाठी धरणातून वर्षभर थोडंथोडं पाणी सोडणं पुरत नाही. पावसाळ्यात मोठा लोंढा आणि उन्हाळ्यात संथ धार, हा ऋतूंचा चढउतारही सांभाळावा लागतो.