किनारा-वीज आणि नौकेच्या तळाचा गंज

जेट्टीला बांधलेल्या नौकेत बॅटरी चार्ज करण्यासाठी, दिवे-पंख्यांसाठी जमिनीवरून घेतलेला २३० व्होल्टचा पुरवठा म्हणजे किनारा-वीज. या जोडणीतली खरी अडचण एका तारेत आहे: शॉकपासून वाचवणारी अर्थिंगची हिरवी तारच नौकेचा तळ गंजवू शकते.

ही तार नौकेचा पत्रा, इंजिन व प्रोपेलर यांना जेट्टीच्या लोखंडी खांबांशी आणि शेजारच्या नौकांशी जोडते. निरनिराळे धातू, खाली पाणी, वर तार. आपोआप बॅटरी तयार होते. प्रवाह बारीक, पण रात्रंदिवस चालू. अ‍ॅल्युमिनियमचा तळ शेजारच्या पोलादाला वाचवत स्वतः झिजतो. रंगाखाली फोड दिसतात. नखाने खरवडले की पांढरी भुकटी निघते आणि खाली खड्डा सापडतो.

गंज थांबवायला कुणी अर्थिंगच कापून टाकते. हे कधीही करू नये. चार्जर बिघडला तर पत्र्यात वीज उतरते आणि तिथून पाण्यात. खडकवासला, पानशेत, मुळशी, पवना हे पुण्याभोवतीचे जलाशय गोड्या पाण्याचे आहेत, आणि गोड्या पाण्यापेक्षा माणसाच्या शरीरातून वीज सहज वाहते. जवळ पोहणाऱ्याचे स्नायू आखडतात, चांगला पोहणाराही बुडतो. समुद्रापेक्षा हा धोका इथे जास्त.

योग्य उपाय म्हणजे अर्थिंगच्या तारेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवणे. त्यातले डायोड साधारण १.२ व्होल्टपर्यंतचा गंजकारक प्रवाह अडवतात, बिघाडाचा मोठा प्रवाह मात्र जाऊ देतात. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे किनारा आणि नौका यांच्यात तारेची थेट जोडणीच न ठेवता वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, याहून उत्तम, पण जड आणि महाग. सोबत फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा बंद करणारा स्विच, हवाच. ट्रान्सफॉर्मर नसेल तर नौकेवर न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र जोडू नयेत.

तळाला त्यागी धातूची पट्टीही लागते. ती झिजते आणि तळ वाचतो. घरच्या गिझरमधला मॅग्नेशियमचा रॉड हेच काम करतो. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमच वापरावे, कारण तिथे जस्तावर कडक थर बसून ते निकामी होते. नौका कोकणात नेली तर पट्टी बदलावी; खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम भराभर संपते.

धरणाची पातळी उन्हाळ्यात खूप खाली जाते आणि पावसाळ्यात चढते, म्हणून केबलला पुरेसा झोल ठेवावा, जोड पाण्यावर लटकू देऊ नये. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली असेल तर आयसोलेटर मल्टिमीटरने तपासावा. डायोड जळून तुटले तर अर्थिंग गेलेले असते, आणि दिवे मात्र नेहमीसारखे लागतात.