बर्फाची आणेवारी : ध्रुवावरच्या समुद्रबर्फाचा वाद आला कुठून

सप्टेंबर लागला की मोबाईलवर दोन नकाशे हमखास येतात. डावीकडे २०१२ चा उत्तर ध्रुव, उजवीकडे चालू वर्षाचा, आणि उजवीकडचा पांढरा डाग मोठा. खाली मजकूर : बर्फ वितळतोय म्हणणाऱ्यांनी तुम्हाला फसवलं. तासाभरात दुसऱ्या ग्रुपवरून हाडं निघालेल्या अस्वलाचा फोटो येतो, त्याखाली जगबुडीची तारीख. आमच्या अंबाजोगाईला या दिवसांत सोयाबीनच्या शेंगा भरत आलेल्या असतात, मांजरा धरण किती टक्के झालं याची चौकशी चालू असते, आणि चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारतंच, "सर, तिकडं बर्फ वाढलाय म्हणं. खरंय का?" भूगोल शिकवल्याची ही शिक्षा. उत्तर एका कपात मावत नाही, म्हणून हे टिपण.

बर्फ म्हटलं की आपल्याकडे तीन गोष्टींची खिचडी होते. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवर साचलेला, किलोमीटरांनी जाड बर्फ हा एक. त्यातून तुटून समुद्रात आलेले हिमनग हे दुसरे. १९१२ ला टायटॅनिक बुडवलं ते यांनी. आणि समुद्राचंच पाणी गोठून वर धरते ती साय, फार तर काही मीटर जाडीची, ही तिसरी. वाद आहे तो या सायीचा. ती वितळली म्हणून मुंबईच्या समुद्राची पातळी चढत नाही. शिगोशिग भरलेल्या पेल्यात तरंगणारा बर्फाचा खडा विरघळला तरी पाणी सांडत नाही, तसंच हे. पातळी चढते ती जमिनीवरचा बर्फ समुद्रात आला की. साय गेली आता मुंबई बुडणार असं लिहिणारे आणि बुडाली नाही म्हणजे सगळंच खोटं म्हणणारे, दोघंही पहिल्याच पायरीवर घसरलेले असतात.

वाद जुना आहे, दोनशे वर्षांचा. १८१७ मध्ये विल्यम स्कोर्सबी या व्हेल मारणाऱ्या जहाजाच्या कप्तानाने लंडनला कळवलं की ग्रीनलंडच्या समुद्रात नेहमीचा बर्फ दिसत नाही, पाणी बरंच मोकळं आहे. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांनी आरमाराला पत्र लिहून ते उचलून धरलं आणि १८१८ मध्ये ब्रिटिश आरमाराने उत्तरेकडून पॅसिफिकला जाणारी वाट शोधायला जहाजं पाठवली. एक तुकडी स्पिट्सबर्गनच्या उत्तरेला बर्फात ठेचली जाऊन परतली. दुसरीचा कप्तान जॉन रॉस याला समोर डोंगर दिसले म्हणून तो माघारी फिरला. तिथे डोंगर नव्हतेच. तरी आशा सुटली नाही. १८४५ मध्ये जॉन फ्रँकलिन दोन जहाजं आणि १२९ माणसं घेऊन गेला, त्यातलं एकही परत आलं नाही. ती जहाजं समुद्राच्या तळाशी सापडली २०१४ आणि २०१६ मध्ये.

बँक्स यांचं ते १८१७ चं पत्र आजही फिरतं : बघा, तेव्हाही बर्फ वितळतच होता! पत्र खरं आहे. पण ती एका समुद्राच्या एका कोपऱ्यातली खबर होती, आणि पुढच्याच हंगामात त्याच भागात जहाजं अडकली. केजला चांगला पाऊस झाला म्हणून कुणी अख्खा मराठवाडा भिजला असं धरत नाही.

एकोणिसाव्या शतकात तर ध्रुवाभोवती फक्त बर्फाचं कडं आहे, आत मोकळा समुद्र आहे, असं चांगले चांगले भूगोलतज्ज्ञ मानत. या समजुतीच्या भरवशावर निघालेलं जेनेट नावाचं अमेरिकन जहाज १८८१ मध्ये सैबेरियाच्या उत्तरेला बर्फाने चेपून बुडवलं. तीन वर्षांनी त्याचे अवशेष सापडले ते पार ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर. नॉर्वेच्या फ्रित्यॉफ नान्सेनने त्यातून बरोबर अर्थ काढला : बर्फ एका जागी बसलेला नाही, तो वाहतो. त्याने फ्राम हे जहाज मुद्दाम बर्फात अडकवून घेतलं आणि १८९३ ते १८९६ अशी तीन वर्षं त्याच्यासोबत वाहत काढली. ही गोष्ट मला फार आवडते, पण इथे सांगण्याचं कारण वेगळं आहे. साय वाऱ्यावर सरकते, एका बाजूला गोळा होते, एका वाटेने अटलांटिकात निसटते. त्यामुळे एका वर्षाच्या आकड्यात ऊन किती आणि वारा किती हे लगेच सांगता येत नाही. (त्याच सुमारास, १९०३ मध्ये, टिळकांनी वेदांतल्या लांबलेल्या उषेवरून आर्यांचं मूळ ठिकाण उत्तर ध्रुवाजवळ शोधलं होतं. मराठी माणसाने ध्रुवावरून वाद घालायला सुरुवात केली ती तेव्हापासून म्हणायची.)

मोजमाप हळूहळू आलं. डेन्मार्कच्या हवामान खात्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दरवर्षी नकाशे काढायला घेतले, १९३० च्या दशकात सोव्हिएत विमानं वरून पाहणी करू लागली. १९५८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेची नॉटिलस ही अणुपाणबुडी ध्रुवाच्या बर्फाखालून आरपार गेली. शीतयुद्धातल्या अशा पाणबुड्यांनी खालून बर्फाची जाडी मोजून ठेवली होती, ती पुढे शास्त्रज्ञांना पाहायला मिळाली. १९९९ मध्ये हिशेब झाला : उन्हाळ्याच्या अखेरीस जिथे सरासरी ३.१ मीटर जाडी होती, तिथे नव्वदच्या दशकात १.८ मीटर उरली होती. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत वजनदार आकडा हाच. पण त्याचं चित्र काढता येत नाही, म्हणून तो फिरत नाही.

१९७८ च्या अखेरीस मायक्रोवेव्ह टिपणारा उपग्रह वर गेला आणि सहा महिन्यांच्या रात्रीतही, ढगांतूनही बर्फ मोजता येऊ लागला. सलग नोंद तेव्हापासूनची. आता ही मोजणी कशी होते ते आपल्याकडच्या माणसाला लवकर समजेल, कारण आपण आणेवारी, म्हणजे नेहमीच्या तुलनेत यंदा पीक किती याचा सरकारी अंदाज, भोगलेली माणसं आहोत. समुद्राचे २५ बाय २५ किलोमीटरचे चौकोन पाडतात. चौकोनात शंभरात पंधरा हिस्से बर्फ असला की अख्खा चौकोन बर्फाचा धरतात. चौदा असले तर पाण्याचा. पन्नास पैशांच्या वर गेलेल्या गावाला टंचाईत धरत नाहीत, त्यातलाच प्रकार. याला म्हणतात विस्तार. प्रत्येक चौकोनातला खरा बर्फ तेवढाच धरून बेरीज केली तर क्षेत्रफळ निघतं, ते कमी भरतं. उन्हाळ्यात बर्फावर पाण्याची डबकी साचली की उपग्रहाला तिथे समुद्र दिसतो, ती चूक निराळी. आणि जाडी धरली तर साठा. एकजण विस्तार सांगतो, दुसरा साठा, आणि दोघं एकमेकांना खोटारडे म्हणतात.

जायकवाडीचं पाणी पाहायला गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. नाथसागर बशीसारखा पसरट. पैठणच्या बांधावर उभं राहिलं तर नजर पोचत नाही एवढं पाणी दिसतं, आणि त्याच दिवशी पेपरात उपयुक्त साठा दहा टक्केही नसतो. एकूण सुमारे १०२ टीएमसी, त्यातला २६ मृतसाठा, तळाशी गाळ. पसारा पाहून साठा ठरवायचा नसतो हे इथल्या पोरालाही कळतं. ध्रुवावर नेमकं हेच झालं आहे : पसारा घटला, पण जुना, अनेक उन्हाळे पाहिलेला जाड बर्फ त्याहून जास्त घटला. आता आहे तो बहुतेक एका हिवाळ्याचा, पातळ.

आकडे थोडक्यात. उत्तर ध्रुवाभोवतीची साय मार्चमध्ये सर्वांत जास्त, सप्टेंबरच्या मध्याला सर्वांत कमी. १९७९ च्या सप्टेंबरात ती ७० लाख चौरस किलोमीटरच्या आसपास होती, म्हणजे दोन भारतांहून जास्त. २००७ मध्ये ४१-४२ लाख. २०१२ मध्ये ३४ लाख : एक भारत आणि वर थोडं. २०२५ मध्ये ४६ लाख.

म्हणजे २०१२ चा नीचांक अजून मोडलेला नाही. त्या फिरत्या नकाशातली ही गोष्ट खरीच आहे. पण तुलना कुठल्या सालाशी करायची हा सगळ्या वादाचा जुना आजार आहे. बहात्तरच्या दुष्काळाशी ताडून पाहिलं तर मराठवाड्यातलं जवळपास प्रत्येक साल सुगीचं ठरेल. संशय घेणारे उलट विचारतात, मग तुम्ही १९७९ च का धरता? सरळ उत्तर आहे : उपग्रहाची सलग नोंद तिथून सुरू होते. आणि जहाजांच्या नोंदवह्या, जुने नकाशे जोडून १८५० पर्यंत मागे गेलेल्यांनाही आत्ताइतका कमी बर्फ कुठल्या काळात सापडलेला नाही, १९२०-३० च्या उबदार वर्षांतही नाही.

दुसऱ्या बाजूचीही लाज झाकायची नाही. २००७ च्या धक्क्यानंतर काही शास्त्रज्ञांनी २०१३ किंवा २०१६ पर्यंत उन्हाळी बर्फ संपेल असं सांगितलं, राजकारण्यांनी ते व्यासपीठावरून गाजवलं. २०१३ मध्ये बर्फ उलट ५० लाखांवर गेला. बाकीचे शास्त्रज्ञ तेव्हाही सावध होते, पण लोकांच्या लक्षात राहिली ती चुकलेली तारीख. गेल्या वीसेक वर्षांत सप्टेंबरच्या घटीचा वेग मंदावला आहे, आणि त्यात समुद्र-वाऱ्याच्या नैसर्गिक चढउताराचा भाग किती यावर संशोधकांमध्येच चर्चा चालू आहे. हवामानबदलावरच्या आंतरशासकीय समितीच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालात २०५० पूर्वी निदान एका सप्टेंबरात तिथला समुद्र व्यवहारतः बर्फमुक्त होण्याची शक्यता धरली आहे. व्यवहारतः म्हणजे १० लाखांच्या खाली. पुन्हा आणेवारीच.

दक्षिणेचं गणित निराळं, आणि अनेकांची गाडी तिथेच अडते. उत्तरेला जमिनीने वेढलेला समुद्र, दक्षिणेला समुद्राने वेढलेली जमीन. तिथला समुद्रबर्फ वाढत होता, २०१४ मध्ये तो २ कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेला. वारे, ओझोनचं भोक, वितळलेलं गोडं पाणी अशी बरीच कारणं सुचवली गेली, एकमत झालं नाही. मग २०१६ मध्ये तो अचानक कोसळला. २०२३ च्या फेब्रुवारीत जेमतेम १८ लाख उरला आणि त्या वर्षीच्या हिवाळ्यात १ कोटी ७० लाखही भरला नाही. वाढत होता तेव्हा एक बाजू गप्प होती, आता दुसरी गप्प आहे.

बरं, साय गेली तर बिघडतं काय? सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल बुदिको यांनी १९६९ मध्ये त्याचा हिशेब मांडला. बर्फ ऊन परतवतो, उघडा समुद्र ते गिळतो. समुद्र तापला की आणखी बर्फ जातो. मे महिन्यात काळ्या रानातून अनवाणी चाललेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. १९७९ पासून उत्तर ध्रुवाचा प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे, त्यामागचं हे एक मोठं कारण.

आता टपरीवरचा खरा प्रश्न : आपल्या पावसाचं काय? दूरच्या बर्फात आपला पाऊस शोधायची खोड या देशाला दुष्काळाने लावली. १८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खन उजाड केलं, आणि नुकत्याच स्थापन झालेल्या हवामान खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हिमालयाकडे पाहू लागले. हिमालयात वसंतात बर्फ जास्त तर पाऊस कमी, असं त्यांनी १८८४ मध्ये मांडलं. शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, डॉ. वसंत गोवारीकरांच्या १६ घटकांच्या मॉडेलमध्येही हिमालयातला आणि युरेशियातला बर्फ होता. ते मॉडेल बरीच वर्षं चाललं. २००२ मध्ये सर्वसाधारण पावसाचा अंदाज आला आणि देशात १९ टक्के तूट पडली. मग ते बदललं. दूरचे धागे असे असतात : काही वर्षं घट्ट, मग एकाएकी सैल.

म्हणून २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारांचे ढीग पडले, ज्वारी-गहू आडवा झाला, मोसंबीच्या बागा सोलून निघाल्या, आणि हा उत्तर ध्रुवाचा प्रताप असं बोललं जाऊ लागलं, तेव्हा मी मान डोलावली नाही. त्यामागे दोन वर्षांपूर्वीच पुढे आलेली एक कल्पना होती : ध्रुव तापला की उंचावरचा पश्चिमी वाऱ्याचा झोत मंदावतो, नागमोडी होतो आणि हवामान एका जागी अडकून बसतं. कल्पना देखणी आहे. पण त्यानंतरच्या मोजमापांनी तिला निर्विवाद पाठबळ दिलेलं नाही. गारपिटीसाठी त्या दिवसांत वर थंड पश्चिमी वारे आणि खाली समुद्रावरून आलेली ओलसर हवा एकत्र आली होती, एवढं नक्की सांगता येतं.

त्यापेक्षा नेमकं काम गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये पुढे ठेवलं. रशियाच्या उत्तरेच्या कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ कमी असेल, तर सप्टेंबरात मध्य भारतात अतिवृष्टीचे दिवस वाढतात असं त्यांना दिसलं. साखळी अशी : उघडा समुद्र, युरोपावर हवेचा दाब, तिथून आशियापर्यंत वरच्या हवेत लाटा, आणि खाली तापलेला अरबी समुद्र बाष्प पुरवायला तयार. त्यांनी स्वतःच त्याला शक्य संबंध म्हटलं आहे, सिद्ध झालेला नाही. २०२१ च्या सप्टेंबरात आपल्याला बुडवलं ते गुलाब चक्रीवादळाच्या अवशेषांनी, ते बंगालच्या उपसागरातून आलं होतं. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूरकडे माती खरवडून गेली, त्याचा दोषही कारा समुद्रावर टाकण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही. तापलेले जवळचे दोन समुद्र आधी धरायचे.

भारताने मोजायला माणसं मात्र पाठवली आहेत. १९८२ च्या जानेवारीत पहिली तुकडी अंटार्क्टिकावर उतरली. दक्षिण गंगोत्री हे पहिलं केंद्र तिथल्या बर्फातच गाडलं गेलं, मग मैत्री आणि भारती झाली. उत्तरेला नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून हिमाद्री आहे, आणि तिथल्या फ्योर्डच्या (डोंगरांत घुसलेल्या अरुंद खाडीच्या) पाण्यात २०१४ मध्ये सोडलेली इंडआर्क ही उपकरणांची माळ. तापमान, खारेपणा, प्रवाह, सगळं ती वर्षभर टिपते.

उत्तरेचा किमान आकडा सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कळतो. नेमकं तेव्हाच इकडे नजर पैसेवारीचं काम सुरू असतं, आणि टपरीवर पुन्हा तो नकाशा माझ्यापुढे धरला जातो. मी आता फक्त डावीकडचं साल बघतो.