मोठा नर मारला की पिल्लं वाचतात?

‘म्हातारे नर अस्वल पिल्लं मारतात, त्यांची शिकार केली की अस्वलं वाढतात.’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण त्यातला अर्धा भाग खरा आहे. तपकिरी अस्वलाचा नर पिल्लं मारतो. पण कोणाची?

बहुधा स्वतःची नसलेली. दूध पाजणारी मादी सहसा माजावर येत नाही. पिल्लं गेली की काही दिवसांतच येते. जुन्या नराच्या मुलखातली बरीच पिल्लं त्याचीच असतात. तो मारला गेला की तिथे नवा नर शिरतो आणि त्याचं त्यांत एकही नसतं. स्वीडनच्या जंगलात वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासात, मोठे नर मारल्यावर पिल्लं जास्त दगावलेली दिसली.

‘म्हातारे’ हा शब्दही तपासता येतो. अस्वलाच्या लहान दाढेचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की खोडातल्यासारखी वर्षाला एक रेघ दिसते. शिकारीच्या नोंदींत असं मोजलेलं वय दिलंय का, ते आधी बघा. हौशी शिकाऱ्याला मोठी कवटी हवी असते, आणि मोठी कवटी ऐन उमेदीतल्या नराचीही असते.

भरपाईही सावकाशच होते. मादी पहिल्यांदा विते ती साधारण पाच-सहा वर्षांची झाल्यावर, आणि पिल्लं दीड ते तीन वर्षं तिच्याजवळ राहतात. तरुण माद्या आईच्या मुलखाजवळच ठाव धरतात. म्हणून रस्त्याने किंवा खाणीने तुटलेल्या जंगलाच्या तुकड्यातली अस्वलं संपली, की तिथे पुन्हा पिल्लं दिसायला कित्येक वर्षं जातात.