जुगाराची ओढ आणि गोव्याच्या कायद्यातील ‘पर्यटक’

जुगारामागे केवळ पैशाचा लोभ असतो, ही समजूत अपुरी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ३४ व्या सूक्तातला जुगारी घरसंसार गमावून बसलेला आहे. पुन्हा खेळायचे नाही असा निश्चय तो करतो, आणि पडत्या फाशांचा आवाज ऐकताच त्यांच्याकडे निघतो.

गोव्याच्या १९७६ च्या कायद्याने सार्वजनिक जुगार हा अपराध ठरवला. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांतील जुगाराच्या यंत्रांना, तर १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील टेबलाच्या खेळांना वाट करून दिली. पुढे हीच जहाजे मांडवीत, पणजीच्या डोळ्यांसमोर नांगरून राहिली.

खरा गुंता २०१२ च्या दुरुस्तीत आहे. कॅसिनोत प्रवेश फक्त पर्यटकाला, हे तिचे सूत्र. गोमंतकीयांवरील बंदी प्रत्यक्षात १ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाली. स्थानिक कुटुंबांची धूळधाण थांबावी हा हेतू रास्त होता, आणि ज्या घरांनी ती सोसली त्यांना तो निर्णय उशिराचाच वाटला असेल. परंतु त्यामागे एक गृहीतक दडलेले आहे: पर्यटक करमणुकीसाठी खेळतो आणि गोमंतकीय व्यसनापोटी. ‘पर्यटक’ हा शब्द माणूस कुठून आला एवढेच सांगतो; तो का खेळतो, हे त्यातून कळत नाही. बाहेरून आलेल्या माणसालाही घर असतेच.

खेळण्याच्या कारणांविषयीची समज याच काळात बदलत गेली होती. मानसोपचारात जुगाराच्या विकृतीला १९८० मध्ये स्वतंत्र निदान म्हणून स्थान मिळाले ते आवेगावर ताबा नसण्याच्या गटात. २०१३ मध्ये ती दारू आणि अमली पदार्थांच्या पंक्तीला व्यसनांत आली. बक्षीस केव्हा मिळेल याची अनिश्चितताच मनाला बांधून ठेवते, आणि थोडक्यात हुकलेला डावही पुन्हा खेळायला लावतो, असे काही प्रयोगांत आढळले आहे. मटक्याच्या जोडीत, म्हणजे दोन आकड्यांवर लावलेल्या पैशांत, हे रचनेतच आहे: ‘ओपन’ म्हणजे पहिला आकडा लागतो, ‘क्लोज’ म्हणजे दुसरा हुकतो, आणि खेळणाऱ्याला आपण अगदी जवळ पोहोचलो होतो असे वाटते, वास्तविक दुसऱ्या आकड्याचा पहिल्याशी काहीही संबंध नसतो. त्यात गेलेले पैसे भरून काढण्याची धडपड मिसळली की मूळ कारण कोणतेही असो, खेळ सुटत नाही. कॅसिनोच्या दारावरच्या बंदीने नाक्यावरची ही आकड्यांची चिठ्ठी मात्र थांबलेली नाही.