ऑनलाइन वर्गाला कडी कधी लागली

आज मुंबई विद्यापीठाच्या कलिन्याच्या संकुलात किंवा शहरातल्या एखाद्या महाविद्यालयात पीएच.डी.चा व्हायवा (तोंडी परीक्षा) ऑनलाइन असला, की लिंकसोबत पासकोड येतो, आत घेईपर्यंत वेटिंग रूममध्ये थांबावं लागतं आणि ‘पूर्ण नाव लिहूनच या’ अशी सूचना असते. पुष्कळांना ही कटकट वाटते. यातला एकेक नियम कशापायी आला ते कळलं तर वाटणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

व्हिडिओ कॉन्फरन्सिंग मुंबईच्या शिक्षणात २०२० मध्ये आलं असं नाही. त्याच्या सुमारे दहा वर्षं आधीपासून पवईच्या आयआयटीतून प्रा. दीपक फाटक आणि त्यांचे सहकारी देशभरच्या अभियांत्रिकी शिक्षकांच्या कार्यशाळा घेत होते. त्यासाठी अमृता विद्यापीठात तयार झालेलं ‘ए-व्ह्यू’ हे सॉफ्टवेअर वापरलं जाई. शिक्षक ठरलेल्या महाविद्यालयांतल्या केंद्रांवर येऊन बसत, तिथे समन्वयक असे. आत कोण बसलंय ते डोळ्यांना दिसे. सुरक्षेचा प्रश्न खोलीच्या किल्लीवर मिटायचा.

मार्च २०२० च्या मध्यात महाविद्यालयं बंद झाली, २५ तारखेपासून टाळेबंदी लागली आणि ती खोलीच राहिली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये झूमवरच्या बैठकांत दिवसाला १ कोटी लोक असत. मार्चमध्ये आकडा २० कोटींवर गेला. हे साधन मुळात कंपन्यांच्या बैठकांसाठी बनलेलं, आणि तिथे सेटिंग बघायला आयटी विभाग असतो. आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. मोफत खात्यावर चाळीस मिनिटांनी बैठक तुटे, म्हणून बरेच जण कायमचा आयडी वापरत: रोज तीच लिंक, एफवायच्या (पहिल्या वर्षाच्या) ग्रुपवर, तिथून कुठेही.

माझं ॲप वेगळं होतं, सवय मात्र तीच. एप्रिलमधल्या एका सकाळी एसवायच्या (दुसऱ्या वर्षाच्या) तासाला तीन अनोळखी जण शिरले. एकाने मोठ्याने गाणं लावलं, दुसऱ्याने स्क्रीन शेअर करून नको ते दाखवलं. काय बंद करायचं ते सुचेना, म्हणून मी लॅपटॉप मिटला. पण वर्ग तिकडे चालूच राहिला होता. माझ्या विद्यार्थिनी आणखी काही मिनिटं त्या तिघांसोबत होत्या, हे मला त्यांच्या मेसेजवरून कळलं.

धोका नवा नव्हता. झूमचा बैठक क्रमांक ९ ते ११ अंकी. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी अंदाजाने क्रमांक तयार करून पाहिले, तर सुमारे ४ टक्के खऱ्या बैठकांचे निघाले; म्हणजे पासवर्ड नसलेल्या बैठकीत कोणीही शिरू शकत होतं. हे जानेवारी २०२० मध्येच जाहीर झालं होतं. ५ एप्रिलपासून झूमने मोफत खात्यांवर पासवर्ड आणि वेटिंग रूम आपोआप चालू ठेवली. एप्रिलच्या मध्याला केंद्रीय गृह मंत्रालयाने सरकारी कामासाठी झूम वापरू नये असं बजावलं. त्याच पत्रकात इतरांसाठी सूचना होत्या, आणि त्यातली एक मी कायमची लक्षात ठेवली: बैठक नुसती सोडू नका, ती संपवा.

वेटिंग रूम आली आणि नवा पेच पडला. दारात ताटकळणाऱ्यांची नावं दिसत: ‘रेडमी नोट ७’, ‘सॅमसंग’, ‘आई’. घरात फोन एकच. ‘आई’ म्हणजे आपली विद्यार्थिनी की कोणी भलतंच? बाहेर ठेवलं तर मुलीची हजेरी बुडते. रोल नंबर आणि नाव लिहिण्याचा आग्रह आम्ही त्या दिवसांत धरला.

एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (बैठकीतलं बोलणं सहभागींखेरीज कोणालाच, अगदी कंपनीलाही, उलगडता येऊ नये अशी सोय) झूमने ऑक्टोबर २०२० मध्ये आणलं. ते चालू असलं की क्लाउडवर रेकॉर्डिंग होत नाही, आणि नेट गेलेल्या मुलांसाठी रेकॉर्डिंग तर हवंच. म्हणून तासाला ते सोयीचं नाही. गोपनीय चर्चेला मात्र तेच योग्य.

व्हायवाचं गणित सगळ्यात अवघड. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एप्रिल २०२० अखेरच्या मार्गदर्शक सूचनांत तो व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घ्यायला वाट करून दिली. पण व्हायवा खुला असतो. कुणीही येऊन ऐकावं, प्रश्न विचारावा, हाच त्याचा प्राण. दार लावून घेणं इथे चालत नाही. आमच्या विभागात आता नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाला लिंक जाते, श्रोत्यांचे माइक बंद असतात, प्रश्न असला की समन्वयक एकेकाचा उघडतो. परीक्षकांच्या चर्चेची लिंक वेगळी असते आणि ती कुठल्याच ग्रुपवर पडत नाही.