रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल, मग ईटिंग डिसऑर्डर नाही का?

बऱ्याचदा होतं काय की पोरगी धड जेवत नाही म्हणून डॉक्टरकडे नेतात, रक्त तपासतात, सगळं नॉर्मल येतं आणि मग घरचे म्हणतात, चला काही नाहीये, नुसते नखरे आहेत. सगळा घोळ इथेच होतो, कारण ईटिंग डिसऑर्डरसाठी, म्हणजे खाण्याशी जोडलेल्या मानसिक आजारासाठी, मेडिकल तपासणी वेगळी आणि सायकॉलॉजिकल वेगळी, एकीचं उत्तर दुसरीत सापडत नाही.

मेडिकलवाले मुख्य बघतात ते शरीराला आत्ता किती धोका आहे. वजन-उंची तर आहेच, पण आधी झोपवून आणि मग उभं करून नाडी आणि बीपी मोजतात, ईसीजी काढतात, पोटॅशियम-फॉस्फेट बघतात. मुद्दाम सारख्या उलट्या काढणाऱ्यांचं पोटॅशियम घसरू शकतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून हे टाळायचं नाहीच. थायरॉइड, डायबिटीस, सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेनने आतडं बिघडतं तो आजार) यांच्यामुळे तर वजन उतरत नाहीये ना, तेही इथेच कळतं. मुरलेला डॉक्टर दातांची आतली बाजू, जबड्याजवळ सुजलेल्या ग्रंथी, बोटांच्या पेरांवरचे व्रण या उलट्यांच्या खुणाही बघतो. पण यातलं काहीच सापडलं नाही तरी आजार असू शकतो.

कारण निदान ठरतं ते बोलण्यातून. दोघांचं वजन सारखंच कमी, रिपोर्टही सारखे, पण एकाला जाड व्हायची भीती आणि दुसऱ्याला घास अडकायची किंवा विशिष्ट पदार्थाचा स्पर्शच सहन होत नाही, तर पहिल्याचा अ‍ॅनोरेक्सिया असू शकतो आणि दुसऱ्याचा आर्फिड (जाड व्हायची भीती नसताना खाणं टाळण्याचा आजार), उपचारही वेगळे. बुलिमियात (ताबा सुटून खूप खाणं आणि मग उलट्या वगैरे करून ते काढायचा प्रयत्न) तर वजन बऱ्याचदा नॉर्मलच असतं! तिथे विचारावं लागतं की खाताना ताबा सुटतो का, किती वेळा, नंतर काय करता. 2013 च्या डीएसएम-5 (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) प्रमाणे हे खाणं आणि नंतरचं काढणं सरासरी आठवड्यातून एकदा तरी, 3 महिने चाललेलं असावं लागतं. ईडीई नावाच्या, ईटिंग डिसऑर्डर तपासायच्या ठरावीक मुलाखतीत तर मागचे 28 दिवस अक्षरशः कॅलेंडर समोर ठेवून काढतात.

आणि नेटवर फिरणारी ती ईटिंग डिसऑर्डरची 5 प्रश्नांची स्कॉफ टेस्ट, तिच्यात 2 'हो' आले की नीट तपासून घ्या एवढाच अर्थ, ते निदान नव्हे.

उलटा घोळही होतो बरं का, थेट काउन्सेलिंग सुरू आणि शरीर कोणी तपासलेलंच नाही. चक्कर येतेय, छातीत धडधडतंय, तर काउन्सेलरची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात असली तरी ईसीजी आजच काढायचा.